पहिल्या कादंबरीचं मुखपृष्ठ: हस्तलिखितापासून छापखान्यापर्यंत

माझी पहिली कादंबरी आली त्या वर्षी अलिबागच्या एका पुस्तक प्रदर्शनात मी दोन दिवस टेबलामागे उभी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाईंनी पुस्तक उचललं, पुढून-मागून पाहिलं आणि विचारलं, "राहण्या-जेवण्याची सोय कुठे कुठे आहे, ते पण दिलंय ना यात?"

मुखपृष्ठावर मावळता सूर्य होता, दोन माड होते आणि एक होडी. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. चित्र त्यांना जे सांगत होतं तेच त्यांनी ऐकलं. माझी कादंबरी मात्र खारेपाटातल्या, म्हणजे रायगडातल्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींच्या पट्ट्यातल्या, एका शेतकरी घराची होती. ज्या रात्री बांधाला खांड पडून भाताच्या शेतात खारं पाणी शिरतं, त्या रात्रीपासून पुढची वीस वर्षं. आत लिहिलेल्या तीनशे पानांपैकी एकही ओळ त्या मुखपृष्ठावर नव्हती.

सुदैवाने मी ५०० प्रतींची आतली पानं छापली होती, पण बांधल्या होत्या फक्त २००. उरलेल्या ३०० प्रतींच्या फॉर्म्यांना, म्हणजे छापून घडी घातलेल्या पण न बांधलेल्या पानांना, नवं मुखपृष्ठ लावता आलं. त्या दुसऱ्या खेपेत मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. कादंबरी लिहून हातावेगळी झाली आहे आणि ती स्वतः किंवा एखाद्या लहान प्रकाशकाबरोबर काढायची आहे, अशांसाठी हे आहे. मोठ्या प्रकाशनसंस्थेत चित्रकार त्यांचा असतो आणि शेवटचा शब्दही त्यांचाच असतो, तरी पहिल्या दोन आणि चौथ्या पायरीचा तुम्हाला उपयोग होईल. सगळ्याला मिळून निदान दोन महिने हातात ठेवा.

१. चित्राआधी कपाट बघा

जवळच्या वाचनालयात जा आणि कादंबऱ्यांच्या कपाटासमोर उभे राहा. कोकणाला वाचनालयांची मोठी परंपरा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ सालचं आहे. कुठलंही चालेल, पण जा. दहा मिनिटं नुसतं बघा.

पहिली गोष्ट लक्षात येईल ती ही की तुम्हाला मुखपृष्ठं दिसतच नाहीत, पुस्तकांच्या पाठी दिसतात. आपण महिना महिना पुढच्या चित्रावर वाद घालतो आणि पाठीवर नाव कोणत्या अक्षरात, किती मोठं, हे शेवटच्या संध्याकाळी उरकतो. दुसरी गोष्ट, वाचनालयं पाठीच्या खालच्या टोकाला क्रमांकाची चिठ्ठी डकवतात. तुमचं नाव तिथे असेल तर ते कायमचं झाकलं जाणार. म्हणून पाठीचा खालचा दीड-दोन इंच मोकळा ठेवायला सांगा, आणि कादंबरीचं नाव व लेखकाचं नाव वरच्या भागात बसवा. अक्षरं वरून खाली वाचता येतील अशी घ्या, म्हणजे पुस्तक टेबलावर उताणं ठेवलं तरी पाठीवरचं नाव सरळ वाचता येतं.

मग तुमच्या कादंबरीच्या जातीची पाच-सहा पुस्तकं बाहेर काढून शेजारी शेजारी मांडा. गावाच्या गोष्टी, रहस्यकथा, प्रेमकथा, ऐतिहासिक, प्रत्येकीची रंगांची आणि अक्षरांची एक रीत पडलेली असते. वाचक ती रीत न शिकताही ओळखतो. तिची नक्कल करायची गरज नाही, पण तुमचं पुस्तक चुकून भलत्या कपाटात जाऊ नये एवढं तिच्याशी नातं ठेवा. माझं पर्यटनाच्या कपाटात गेलं होतं.

२. चित्रकाराला तोंडी सांगू नका, टिपण द्या

पहिल्या वेळी मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "कोकणातली कादंबरी आहे, छानसं काहीतरी करा." मला जे मिळालं ते त्या वाक्याचंच चित्र होतं. दोष माझा.

दुसऱ्या वेळी दोन पानांचं टिपण दिलं. त्यात हे होतं:

- कादंबरी चार ओळींत, शेवटासकट. चित्रकारापासून शेवट लपवू नका.
- काळ आणि जागा नेमकी. 'कोकण' पुरत नाही. खाडीकाठ की समुद्रकाठ, सडा की बागायत, पेण की वेंगुर्ले, आणि कोणतं साल.
- कथेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या तीन वस्तू. माणसं नकोत, वस्तू.
- वाचून संपल्यावर वाचकाच्या मनात काय उरावं, एका वाक्यात.
- काय अजिबात नको.
- कादंबरीचं नाव आणि लेखकाचं नाव, शुद्धलेखन तपासून, टाइप केलेलं.
- पुस्तकाचा आकार, अंदाजे पानं, छपाईची तारीख.

सोबत संपूर्ण हस्तलिखित द्या. तीनशे पानं वाचायला सगळ्यांनाच वेळ मिळत नाही, म्हणून तुम्हाला सर्वांत जवळची वाटणारी दोन प्रकरणं वेगळी काढून त्यावर खूण करा. जो चित्रकार एकही पान न वाचता आराखडा पाठवतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे.

आपल्याकडे हे काम मोठ्या हातांनी केलेलं आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघांचीही मुळं गोव्यातली, याच किनाऱ्याची. मराठी वाचकाने कित्येक वर्षं पुस्तक आणि दिवाळी अंक आधी त्यांच्या चित्रांतून ओळखला. मुखपृष्ठाचं काम किरकोळ समजून भाव पाडणाऱ्या नव्या लेखकांना मी हे आवर्जून सांगते.

३. कॅलेंडरातलं कोकण टाळा

माड, सूर्यास्त, कौलारू घर, होडी. ही चार चित्रं इतक्या हॉटेलांच्या पाट्यांवर आणि मसाल्यांच्या पाकिटांवर आली आहेत की त्यांच्याकडे बघून कोणी थांबत नाही. तुमच्या कथेत माड खरोखर महत्त्वाचा असेल तर तो जरूर घ्या, पण मग तो कथेतला माड असू दे. वीज पडून शेंडा जळालेला, किंवा माडी काढणाऱ्याने चढण्यासाठी खाचा पाडलेला.

इंटरनेटवरच्या तयार फोटोंचा सापळा तर फार वाईट. माझ्या पहिल्या मुखपृष्ठावरची होडी अशीच विकत घेतलेल्या फोटोतली होती. प्रकाशनानंतर गावच्या कोळीवाड्यातल्या एका काकांना मी प्रत दिली. त्यांनी चष्मा वर सरकवून पुस्तक डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "ताई, ही होरी आपली नाय. केरलची हाय." नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक होता. मासेमारी बोटींच्या क्रमांकात राज्याची अक्षरं असतात, आपल्या बोटींवर 'एमएच', त्या बोटीवर 'केएल'. मी ते चित्र शंभर वेळा पाहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं. किनाऱ्यावरचा वाचक असा बारीक बघतो. उलांडीची होडी कुठली, घर जांभ्याच्या चिऱ्याचं की विटांचं, पागोळ्या कुठे पडतात, त्याला सगळं कळतं. म्हणून आराखडा आला की त्या गावच्या, त्या धंद्यातल्या एका माणसाला तो दाखवाच.

लोककला वापरतानाही हेच. वारली चित्रं पालघरकडची. पिंगुळीची चित्रकथी कुडाळजवळच्या ठाकर समाजाची. कातळशिल्पं रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून जिकडेतिकडे छापली जाऊ लागली आहेत. तुमची कथा त्या मातीतली असेल तर आनंदाने वापरा, आणि शक्य असेल तर त्या परंपरेतल्या कलावंताकडूनच पैसे देऊन काढून घ्या. रायगडातल्या खाडीच्या कादंबरीवर सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) डकवली तर तिकडच्यांनाही वाईट वाटतं आणि इकडच्यांनाही.

माझं दुसरं मुखपृष्ठ पेणच्या एका तरुणाने केलं. तो गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. त्याने प्रकरणं वाचली आणि म्हणाला, "मॅडम, ती उघाडी मला बघायची आहे." उघाडी म्हणजे खारबांधातलं लाकडी दार, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला खाडीचं पाणी अडवणारं. आम्ही ओहोटीची वेळ धरून बांधावरून चालत गेलो. त्याने तासभर त्या फळीचीच चित्रं काढली. वरचा भाग उन्हाने करडा पडलेला, मध्ये भरतीच्या पाण्याने ओढलेली मिठाची पांढरी रेघ, त्याखाली हिरवट काळं लाकूड आणि त्याला चिकटलेली कालवं. मुखपृष्ठावर शेवटी तेवढंच आलं: ती फळी, ती रेघ, आणि रेघेच्या खाली कादंबरीचं नाव. ना समुद्र, ना माड. आता पुस्तक हातात घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "हे दार कसलं आहे?" तिथून मला कादंबरीबद्दल बोलता येतं.

४. 'आवडलं का?' असं विचारू नका

आराखडे आले की आपण ते घरच्या ग्रुपवर टाकतो. पंधरा अंगठे येतात, दोन 'खूप छान' येतात आणि मामा म्हणतात की निळा रंग जरा वाढवा. यातून काही कळत नाही, उलट चित्रकाराकडे पंधरा जणांच्या सूचना जातात आणि चित्र सपाट होऊन बसतं.

कादंबरी न वाचलेल्या पाच जणांना एकेकट्याने गाठा. त्यांना मुखपृष्ठ पाच सेकंद दाखवा, मग फोन पालथा ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: "हे पुस्तक कशाबद्दल असेल?" त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या, मध्ये बोलू नका. पाचपैकी तिघं कथेच्या आसपास आले तर चित्र बरोबर आहे. मी पहिल्या वेळी एवढं केलं असतं तर प्रदर्शनातला तो प्रश्न मला घरच्या ओट्यावरच ऐकायला मिळाला असता.

तेच चित्र टपाल तिकिटाएवढं करूनही बघा. आज बहुतेक वाचक तुमचं पुस्तक आधी फोनवर, बोटाच्या पेराएवढं बघणार आहेत. त्या आकारात नाव वाचता आलं नाही तर अक्षरं मोठी करायला सांगा.

५. अक्षरं: इथे सर्वांत जास्त चुका होतात

मराठी मुखपृष्ठाचा अर्धा जीव अक्षरांत असतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखलेली नावं आठवा, नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांवरूनच कळायचा. र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांची अक्षरं बघा. चित्रकाराला हाताने नाव रेखता येत असेल तर तेच घ्या. थोडे पैसे जास्त लागले तरी चालतील.

तयार फॉन्ट वापरायचा असेल तर या गोष्टी तपासा.

पहिली, 'ल' आणि 'श'. यांची मराठी वळणं हिंदी वळणांहून वेगळी आहेत, आणि २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वळणंच प्रमाण ठरवली आहेत. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. वाचकाला नेमकं सांगता येत नाही, पण पुस्तक अनुवादित असल्यासारखं वाटतं.

दुसरी, अर्धा र. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. माझ्या कादंबरीच्या नावात 'खाऱ्या' हा शब्द आहे. पहिल्या आराखड्यात तो 'खार्या' होऊन आला, दुरुस्तीनंतर 'खार् या' असा तुटून आला, आणि तिसऱ्या वेळी बरोबर झाला तो फक्त पुढच्या बाजूला, पाठीवर जुनी चूक तशीच राहिली. म्हणून नाव जिथे जिथे येतं तिथे तिथे वेगवेगळं तपासा: पुढे, पाठीवर, मागे आणि आतल्या शीर्षपानावर.

तिसरी, जुने फॉन्ट. छापखान्यात अजून युनिकोडच्या आधीचे फॉन्ट चालतात. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर तिथे बदलून घेतला जातो आणि त्यात जोडाक्षरं बिघडतात. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. यावर उपाय एकच, नाव पक्कं झालं की अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर करून घ्यायचं. डिझायनर त्याला 'कर्व्ह करणं' म्हणतात. मग फाइल कुठेही उघडली तरी अक्षर हलत नाही. कर्व्ह केलेलं अक्षर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही, तेव्हा आधीची फाइल जपून ठेवा.

फॉन्टचा परवानाही बघा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, पुस्तकावर विनाशुल्क वापरता येतात. कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेला फॉन्ट असा वापरू नका.

६. हक्क लिहून घ्या

ओळखीत काम झालं तरी एक पानाचा करार करा. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना अडचण. तेव्हा स्पष्ट लिहा: छापील पुस्तक, ई-बुक, श्राव्य पुस्तक, जाहिरात, पुढच्या आवृत्त्या, भाषांतरं, किती वर्षं, कुठे.

पैसे तीन भागांत द्या: ठरल्यावर, आराखडा पक्का झाल्यावर, अंतिम फाइल मिळाल्यावर. किती आराखडे आणि किती वेळा दुरुस्त्या, तेही लिहा. तीन आराखडे आणि दोन फेऱ्या दोन्ही बाजूंना परवडतात. श्रेयपानावर 'मुखपृष्ठ' म्हणून चित्रकाराचं नाव हवंच.

जुनी चित्रं नेटवर सापडली म्हणून ती मोकळी होत नाहीत. चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. फोटोत कुणाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या, मग ती शेजारची आजी का असेना.

एआयकडून चित्र काढून घेण्याबद्दल आता सगळे विचारतात. मी करून पाहिलं. देवनागरी अक्षरांची शिरोरेषा तुटली, होडीला कुठल्याच किनाऱ्यावर नसलेला आकार आला, आणि चित्राचा हक्क कुणाचा हे पक्कं सांगता येत नाही. चित्रकाराला कल्पना समजावून द्यायला ठीक आहे, छापायला नको.

७. मापं: छापखान्याशी आधी बोला

मुखपृष्ठ म्हणजे पुढचं पान, पाठ आणि मलपृष्ठ मिळून एकच आडवं चित्र. त्याचं माप पाठीच्या जाडीवर ठरतं आणि जाडी कागदावर. म्हणून आतली पानं पक्की झाल्याशिवाय अंतिम माप देऊ नका.

हिशेब साधा आहे. डेमी आकाराचं पुस्तक सुमारे १४० × २१६ मिलिमीटर. पानं २४०, म्हणजे सोळा पानी १५ फॉर्मे आणि १२० कागद. एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असेल तर पाठ १२ मिलिमीटर. रुंदी १४० + १२ + १४० = २९२, चारही बाजूंना कापणीसाठी ३-३ मिलिमीटर चित्र वाढवायचं, म्हणजे एकूण २९८ × २२२. घडीचे फ्लॅप हवे असतील तर त्यांची रुंदी वेगळी धरा. महत्त्वाचं कोणतंही अक्षर कडेपासून ८-१० मिलिमीटर आत ठेवा.

माझ्या बाबतीत ऐन वेळी ठरलेला कागद संपला म्हणून छापखान्याने बल्की, म्हणजे फुगीर, जाड कागद वापरला. पानं तेवढीच, पण पाठ १२ ची १५ मिलिमीटर झाली आणि पाठीवरचं नाव एका बाजूला सरकलं. तेव्हापासून मी त्याच कागदाची कोरी डमी बांधून मागते आणि पट्टीने मोजते. तुम्हीही मागा, कुठलाही बरा छापखाना देतो.

चित्र ३०० डीपीआयचं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके असलेलं हवं. पुढच्या पानासाठी म्हणजे सुमारे १७०० × २६२५ पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान होतं, डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा.

८. मलपृष्ठ आणि आयएसबीएन

मलपृष्ठावर शंभर-सव्वाशे शब्दांचा मजकूर पुरतो. माझ्या कादंबरीत १९३३ ते १९३९ चा चरी गावचा शेतकरी संप आजीच्या आठवणींतून येतो. पहिल्या वेळी मी मलपृष्ठावर सगळा संपच लिहून काढला, आणि वाचकांना ते इतिहासाचं पुस्तक वाटलं. मागच्या मजकुरातलं पहिलं वाक्य मुख्य पात्राचं आणि त्याच्या अडचणीचं असू द्या. पुढच्या चित्राशी त्याचा धागा जुळला पाहिजे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मिळतो, विनामूल्य. लेखक स्वतः प्रकाशक असला तरी ऑनलाइन अर्ज करता येतो. मध्यस्थाला पैसे देऊ नका. छापील आणि ई-बुक यांना वेगळे क्रमांक लागतात, पण नुसतं मुखपृष्ठ बदललं तर नवा क्रमांक लागत नाही. बारकोड पांढऱ्या पट्टीवर काळ्या रेघांत छापा. त्याचं पूर्ण माप ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर, ते ऐंशी टक्क्यांपेक्षा लहान करू नका. लाल रेघांचा बारकोड छान दिसतो, पण स्कॅनरला वाचता येत नाही.

९. रंगाचं प्रूफ कागदावरच बघा

फोनच्या पडद्यावरचा समुद्र उजेडाने बनलेला असतो, छापलेला समुद्र चार शायांनी. फिरोजी, झगझगीत हिरवा, केशरी हे रंग छपाईत मलूल होतात, आणि कोकणाच्या चित्रांत नेमके तेच फार असतात. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शायांच्या रंगांत, करून घ्या आणि ठरलेल्या आर्ट कार्डावर एक रंगीत प्रूफ मागा. ते दिवसाच्या उजेडात, अंगणात उभं राहून बघा. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत असू देत, चार शायांत छापली तर कडा धूसर होतात.

१०. पावसाळ्याचा विचार

हे पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शनात सापडत नाही, पण आपल्याकडे यावरच पुस्तक टिकतं. मुखपृष्ठाच्या कार्डाला बाहेरून प्लास्टिकचा थर असतो, आतली बाजू उघडी. दमट हवेत उघडी बाजू ओल ओढून फुगते, थर फुगत नाही, आणि मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळून उघडं पडतं. माझ्या पहिल्या २०० प्रती जूनमध्ये आल्या. जुलैत प्रत्येक पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप उघडत होतं.

- कार्ड ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) घ्या आणि त्याच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर आहे ना, हे छापखान्याला विचारा. आडव्या तंतूचं कार्ड हमखास वळतं.
- लॅमिनेशन मॅट की चकचकीत हा आवडीचा भाग, पण गडद काळ्या मॅटवर नखांचे आणि घामाचे डाग उठून दिसतात. मॅट घ्यायचं तर मधले रंग बरे.
- बांधणी मेच्या आधी किंवा दसऱ्याच्या सुमारास करा.
- खोकी जमिनीवर किंवा जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि पुस्तकं आडवी रचून.

छापायला देण्याआधी हातात काय असावं

- दोघांच्या सह्यांचा करार, फॉन्टचा परवाना, फोटोसाठी संमतीपत्र
- आयएसबीएन मिळाल्याचा ईमेल आणि बारकोडची फाइल
- छपाईची पीडीएफ, अक्षरं कर्व्ह केलेली, आणि शिवाय दुरुस्त करता येणारी मूळ फाइल
- फक्त पुढच्या पानाचं चित्र, फोनसाठी आणि ऑनलाइन विक्रीसाठी
- सही केलेलं रंगीत प्रूफ, एक तुमच्याकडे आणि एक छापखान्यात
- कोरी डमी आणि तिच्या पाठीचं मोजलेलं माप
- छापायच्या आणि बांधायच्या प्रतींचे आकडे, वेगवेगळे

मुखपृष्ठं छापताना पंचवीस-तीस सुटी जास्त छापून घ्या. खर्च फारसा वाढत नाही, आणि वाचनालयांच्या सूचनाफलकांवर, प्रदर्शनात टेबलाच्या पुढच्या कडेला, शाळेच्या स्टाफरूममध्ये ती लावता येतात. माझ्याकडची शेवटची दोन अजून आहेत. एक बांधावरच्या उघाडीची राखण करणाऱ्या दादांनी मागून घेतलं आहे, पुढच्या ओहोटीला पोचवायचं आहे.